डॉ. कॅट्झ किती म्हातारे झाले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘बॉब्ज बर्गर्स’ ही अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिका आवडते म्हणून तिचं मूळ शोधत तुम्ही ‘डॉ. कॅट्झ, प्रोफेशनल थेरपिस्ट’ या जुन्या अ‍ॅनिमेशन मालिकेपर्यंत पोचलात. तीन भाग बघितले. थरथरणाऱ्या रेषांनी डोकं उठलं, निम्मे विनोद डोक्यावरून गेले. मग ही मालिका जुनी झाली, की लोक मुळातच तिचं उगाच कौतुक करत होते?

मी गेली बावीस वर्षं अ‍ॅनिमेशनच्या संवादांचं एडिटिंग करते. डबिंग खूप केलं, मूळ मालिका थोड्या. चित्र हलायच्या आधी आवाज कापून-जोडून ठेवणारी ती मी. त्यामुळे माझं उत्तर कानाच्या बाजूने येणार, हे आधीच सांगून टाकते. मालिका जुनी झाली आहे, पण तुम्ही बोट ठेवलंय त्या ठिकाणी नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी पटकन ओळख. २८ मे १९९५ रोजी अमेरिकेत कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर ती सुरू झाली. सहा सीझन, ८१ भाग. डॉ. कॅट्झ हे मानसोपचार करणारे मध्यमवयीन घटस्फोटित गृहस्थ. त्यांचा आवाज जोनाथन कॅट्झचा, जो स्वतःच स्टँड-अप करायचा. त्यांचा चोवीस वर्षांचा बिनकामाचा मुलगा बेन म्हणजे एच. जॉन बेंजामिन, तुमच्या आवडत्या बॉबचा आवाज. रिसेप्शनवर लॉरा, आवाज लॉरा सिल्व्हरमनचा. आणि कोचावर येऊन बसणारे पेशंट म्हणजे त्या काळातले खरेखुरे कॉमेडियन, आपापल्या नावानिशी. रे रोमानो, डॉम इरेरा, जनीन गरोफलो, डेव्ह अटेल, स्टीव्हन राइट, रीटा रडनर, मिच हेडबर्ग. क्लबात माईकसमोर जे बोलायचे तेच इथे डॉक्टरांना सांगायचं. बाकी बाप-लेकाची कुरकुर, आणि संध्याकाळी ‘जॅकीज ३३’ नावाच्या बारमध्ये मित्र स्टॅन्ली आणि बारटेंडर ज्युलीबरोबर दोन घोट. संपलं कथानक.

आधी ती थरथर. तिचं नाव स्क्विगलव्हिजन. टॉम स्नायडर हे मूळचे शिक्षक. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनला त्यांची शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी होती, आणि ही पद्धत त्यांच्या डोक्यातून निघालेली. एकाच माणसाची बाह्यरेषा साधारण पाच वेळा, केसभर फरकाने काढायची आणि ती चित्रं आळीपाळीने फिरवत ठेवायची. माणूस जागचा हलत नाही, पण रेषा वळवळत राहते. आमच्या धंद्यात याला ‘लाइन बॉइल’ म्हणतात, आणि तो दोष धरतात. हाताने ट्रेस केलेली चित्रं एकामागून एक लागली की रेषा उकळते आणि क्लीनअप करणाऱ्याला बोलणी बसतात. इथे त्या दोषालाच कामाला लावलं. माणसं रंगीत आणि वळवळणारी. टेबल, खुर्च्या, भिंती बहुतेक करड्या आणि गप्प.

हे सगळं स्वस्तात व्हावं म्हणून होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तोंड हलवा, भुवई उचला, जमलं तर हात. चालवू नका, चालवायला पैसे लागतात. म्हणून या मालिकेत सगळे बसलेले असतात. डॉक्टर खुर्चीत, पेशंट कोचावर, बेन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, स्टॅन्ली बारच्या स्टुलावर. गंमत बघा, बसलेल्या माणसांना बोलण्यावाचून दुसरा उद्योग नसतो, आणि दिग्दर्शकाला ऐकण्यावाचून.

मला विचाराल तर चित्रांना वय फारसं चढलेलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘टॉय स्टोरी’ आली. तिच्यातली खेळणी आजही झकास दिसतात, पण माणसं बघा, ती शेजारची मुलं, तो कुत्रा. मेणाची वाटतात. कारण ती खऱ्यासारखी दिसायची धडपड करत होती, आणि पुढची तीस वर्षं जगभरच्या स्टुडिओंनी तीच धडपड अधिक चांगली केली. डॉ. कॅट्झ तेव्हाही वहीच्या समासात काढलेल्या चित्रासारखे दिसायचे, आजही तसेच दिसतात.

तरी डोकं दुखतं हे खोटं नाही, माझंही दुखतं. यात थोडा हात तुमच्या पडद्याचा आहे. ही चित्रं जाडजूड काचेच्या लहान टीव्हीसाठी काढलेली. तिथे रेषेच्या कडा आपोआप मऊ व्हायच्या, वळवळ थोडी विरघळायची. पंचावन्न इंची टीव्हीवर तीच वळवळ मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. त्यात कुणी मूळची चौकोनी चौकट ताणून लांबुळकी केलेली असली तर विचारूच नका. लॅपटॉपवर छोट्या खिडकीत बघा. दहा मिनिटांत डोळा सरावतो.

आता विनोद. इथे मालिका खरोखर जुनी झाली आहे, आणि सगळीकडे सारखी नाही.

पेशंटांचे सेट, म्हणजे क्लबात सलग सादर करायचे विनोद, हे घोटून आणलेले होते. शेकडो रात्री क्लबात वाजवून, कुठे थांबायचं, कुठला शब्द शेवटी टाकायचा हे पक्कं झालेलं. घोटलेला विनोद आपल्या काळाला घट्ट चिकटून बसतो. आन्सरिंग मशीनवर ठेवलेले निरोप, व्हिडिओ लायब्ररीचा दंड, विमानातलं जेवण, नव्वदच्या दशकातल्या अमेरिकी जाहिराती. ज्याने ते आयुष्य जगलं नाही त्याला टाळी कुठे द्यायची तेच कळत नाही. तुमचे निम्मे विनोद गेले ते इथे. काहींचे बायकोवरचे, समलिंगी माणसांवरचे विनोद तर कळतात आणि म्हणूनच जास्त खटकतात.

पण स्टीव्हन राइट घ्या, मिच हेडबर्ग घ्या. हे भाषेच्या सांध्यात पाचर मारणारे लोक. त्यांना ना बातमी लागते ना बाजारातली नवी वस्तू; एखाद्या रोजच्या शब्दाचा शब्दशः अर्थ घेऊन ते अशा टोकाला जातात की परत यायला वाट नसते. त्यांचे सेट परवा लिहिल्यासारखे वाटतात. हेडबर्ग २००५ मध्ये गेला, सदतीस वर्षांचा. त्याचा तो ओढत, जमिनीकडे बघत बोलल्यासारखा आवाज या कोचावर इतका शोभतो की क्लबातल्या रेकॉर्डिंगपेक्षा मला हाच जास्त आवडतो.

का शोभतो, ते माझ्या कामाच्या अगदी जवळचं आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

क्लबातल्या विनोदाला एक पाय प्रेक्षकांचा असतो. हशा आला की कॉमेडियन श्वास घेतो, पुढचं वाक्य सोडतो. या मालिकेत हशाच नाही. ना समोर प्रेक्षक, ना मागून डबाबंद हसणं. मग त्या जागी काय ठेवलं? डॉ. कॅट्झचं ‘हं’. ‘बरं.’ ‘आणि मग?’ एखादा अगदी बावळट प्रश्न. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात ना, ‘जी जी रं जी’ म्हणणारे? त्यांच्या झीलेवर शाहीर दम खातो आणि ऐकणाऱ्यालाही सावरायला वेळ मिळतो. कॅट्झ हा या मालिकेचा झीलकरी आहे. मालिका त्याच्या नावाची, तरी तो बहुतेक वेळ दुसऱ्याच्या ओळीची शेपटी धरून असतो. जोनाथन कॅट्झला पहिल्याच वर्षी, १९९५ मध्ये, आवाजाच्या कामासाठी एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं. इतकं कमी बोलून मिळवलेलं एमी क्वचितच असेल.

आणि त्या ‘हं’मध्ये एक खोच आहे. पेशंट रुळावरून धाडधाड सेट नेत असतो, डॉक्टर मध्येच काहीतरी साधं विचारतात, आणि घोटलेली गाडी रुळावरून अर्धा इंच सरकते. पेशंटला उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर सेटमध्ये नसतं. ते सेकंद-दोन सेकंद शोधायला शिका. माझ्या दृष्टीने मालिकेतलं सगळ्यात ताजं तिथे आहे.

बाप-लेकांच्या प्रसंगांत तर हे मुक्तहस्ताने आहे, कारण ते लिहिलेलेच नव्हते. त्यांच्या पद्धतीला रेट्रोस्क्रिप्टिंग म्हणतात. प्रसंगाचा सांगाडा ठरवायचा, बेनला काय हवंय, बाप कशाला नाही म्हणणार, एवढंच. मग कॅट्झ आणि बेंजामिन माईकसमोर बसून बोलत सुटायचे. त्या ढिगातून एडिटर प्रसंग कापून काढणार आणि चित्रं त्यानंतर. (आपल्या जुन्या वगातही गोष्ट तेवढी ठरलेली असायची, बोलणं फडावर उभं राहून. फरक इतकाच की तिथे कात्री नव्हती, चुकलं तर शिट्ट्या.) एडिटिंग टेबलावर होता लोरेन बुशार्ड, पुढे ‘बॉब्ज बर्गर्स’ काढणारा. टॉम स्नायडर त्याचे शाळेतले शिक्षक. बऱ्याच वर्षांनी भेट झाली तेव्हा बुशार्ड एका बारमध्ये ड्रिंक्स ओतत होता, आणि स्नायडरनी त्याला कामावर घेतलं. बारमागे उभं राहून माणसांचं अर्धवट बोलणं ऐकण्याचा रियाझ कामी आला असणार, असा माझा आपला कयास.

या कापणीत त्यांनी काय ठेवलं ते ऐका. अडखळणं ठेवलं. एकाच वेळी दोघं बोलायला लागतात आणि दोघंही थांबतात, ते ठेवलं. बेन काहीतरी तर्कट बोलतो आणि कॅट्झला खरोखर हसू फुटतं, डॉक्टरला नव्हे, माईकसमोर बसलेल्या माणसाला, तेही ठेवलं. आमच्याकडे हे सगळं पहिल्या फेरीत उडतं. एका लहान मुलांच्या मालिकेच्या वेळी मी आजी आणि नातवाच्या बोलण्यात सव्वा सेकंदाची शांतता राखली होती. नातू खोटं बोललाय आणि आजीला ते कळलंय, एवढंच त्या शांततेत. वाहिनीकडून फाइल परत आली, शेरा एकच: ‘गॅप काढा.’ काढली. प्रसंगाचा अर्थही निघून गेला, पण तक्रार आली नाही, कारण गॅपच उरली नव्हती.

तेव्हापासून वर्कशॉपमध्ये मुलांना मी डॉ. कॅट्झचा एखादा बाप-लेकाचा तुकडा आधी दाखवतच नाही. आवाज तेवढा सॉफ्टवेअरमध्ये टाकते आणि लाटा दाखवते. आजकालच्या बहुतेक अ‍ॅनिमेशनमध्ये लाटा म्हणजे सलग डोंगररांग, मोकळी जागा सापडणार नाही. इथे दोन टेकड्या, मग सपाट माळ, मग एक उंचवटा, पुन्हा माळ. मुलं म्हणतात, ‘मॅम, इथे काहीच नाही.’ मग आवाज वाढवून त्या माळावरून जाते. श्वास असतो. ‘अं’ असतो. बोलायला उघडलेलं आणि पुन्हा मिटलेलं तोंड असतं. एकदा एक मुलगा नेमका त्या माळावर हसला, वाक्य यायच्या आधीच.

बेन आणि लॉराबद्दल लिहायला हवं, कारण आज बघणाऱ्याला ते बोचतं. बेन रिसेप्शनवर घुटमळतो, फोन करतो, लॉराला पटवायचे केविलवाणे प्रयत्न करतो. तिच्या कामाच्या जागी, तेही तिच्या बॉसचा मुलगा. आज कुणी हे लिहायला घेतलं तर पहिल्याच बैठकीत कुणीतरी हात वर करेल आणि ते योग्यच. पण नीट बघा, प्रसंगाचं पारडं कुणाच्या बाजूला आहे? लॉरा कधी लाजत नाही, विरघळत नाही, ‘आतून आवडतो पण दाखवत नाही’ हा त्या काळचा सर्रास डावही तिच्यावर खेळलेला नाही. तिला कंटाळा आलाय, आणि तो कंटाळा खरा आहे. लॉरा सिल्व्हरमनच्या सपाट, थंड स्वराला मी दहापैकी दहा देते. बाकी मालिकांमध्ये याच जोडीचं शेवटच्या सीझनला लग्न लावलं असतं.

बेनच्या घरी राहण्याचंही असंच. चोवीस वर्षांचा मुलगा बापाच्या घरात राहतो, ही १९९५ च्या अमेरिकेत हसण्याची गोष्ट होती. २००८ च्या मंदीनंतर तिथली कितीतरी मुलं परत आईबापांकडे आली आणि विनोदातली हवा थोडी गेली. आपल्याकडे ती हवा कधी भरलीच नव्हती. चोविसाव्या वर्षी मुलगा घरी नाही म्हटल्यावर शेजारणी चौकशी करतात. त्यामुळे मराठी माणसाला बेन हा विनोदी पात्र न वाटता सरळ ओळखीचा वाटतो. दर आठवड्याला धंद्याची नवी कल्पना, आणि ती चहा निवेपर्यंत टिकत नाही.

मानसोपचार हा विषय मात्र पार उलटला. तेव्हा कॉमेडियनने कोचावर बसणं हीच गंमत होती: हा माणूस स्टेजवर आपली दुखणी विकतो, मग त्याला डॉक्टरसमोर बसवलं तर? आज तो सरळ स्टेजवरच गोळ्यांची नावं आणि बालपणीच्या जखमा सांगतो, आणि तासभर पॉडकास्टवर रडतोही. मार्क मॅरन या कॉमेडियनने २००९ मध्ये गॅरेजमध्ये माईक मांडून कॉमेडियन लोकांना बोलतं करायला घेतलं, तेव्हा मला डॉ. कॅट्झची हीच खोली आठवली होती. फक्त इथे कुणी बरं होत नाही, कुणाला काही उमगत नाही. सूर वाजू लागतात, डॉक्टर म्हणतात, हे संगीत म्हणजे काय ते माहितीये ना, आपली वेळ संपली. आणि पेशंट आपल्या वाक्याच्या मधोमध असतो. दुःखातून धडा काढून टाळ्या घ्यायची आजची सवय बघता मला हा कोरडेपणा फार बरा वाटतो. तुम्हाला कदाचित उथळ वाटेल. वाटू दे.

एक वेगळं प्रकरण. लुई सी. के. हा कॉमेडियन इथे पेशंट म्हणून येतो. २०१७ मध्ये पाच स्त्रियांनी त्याच्या लैंगिक गैरवर्तनाबद्दल जाहीरपणे सांगितलं आणि त्या गोष्टी खऱ्या असल्याचं त्याने कबूल केलं. त्याचा सेट बदललेला नाही, रेषा त्याच, पण मी तो सलग बघू शकत नाही. कोचावर बसून स्वतःच्या विकृतीची थट्टा करणारा माणूस आता थट्टा करतोय असं ऐकू येत नाही. तुम्ही बघायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

त्याच वाहिनीवर १९९७ मध्ये ‘साउथ पार्क’ आली. तीही स्वस्तातली, पण कर्कश, आणि सगळ्यांच्या तोंडी तीच. हळू बोलणारी ही मालिका १९९९ मध्ये थांबली, उरलेले थोडे भाग २००२ मध्ये दाखवले. जोनाथन कॅट्झला मालिका चालू असतानाच मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं होतं, तरी तो काम करत राहिला. बुशार्ड पुढे ‘होम मूव्हीज’ या दुसऱ्या अ‍ॅनिमेशन मालिकेकडे गेला. तिच्या पहिल्या सीझनमध्ये हीच वळवळ आहे, दुसऱ्यापासून ती सोडून दिली. बोलण्याची पद्धत मात्र सोडली नाही. ‘बॉब्ज बर्गर्स’मध्ये जेवणाच्या टेबलावर सगळे एकमेकांच्या वाक्यात वाक्य घालतात ना, तो कॅट्झच्या स्वयंपाकघरातला वाण आहे, फक्त तिथे दोघं होते आणि इथे पाच जण.

तर आता काय करायचं? पहिल्या सीझनपासून सुरुवात केली असेल तर थांबा. तो सहाच भागांचा आहे आणि त्यात सगळेच चाचपडताहेत, बेंजामिनसुद्धा. दुसऱ्या-तिसऱ्या सीझनमधला कुठलाही भाग उचला, क्रमाचं बंधन नाही. पेशंटांचा सेट लागला नाही तर डोकं खाजवू नका, त्या वेळी डॉक्टर काय करताहेत ते ऐका. काही वर्षांपूर्वी या मंडळींनी नुसत्या आवाजाचे भागही काढले, चित्राशिवाय, आणि काही बिघडलं नाही. तेव्हा डोळ्यांना त्रास होत असेल तर फोन उलटा ठेवून भांडी घासता घासता लावा. मी तसंच करते. फक्त नळ जरा बारीक सोडा, नाहीतर ते ‘हं’ ऐकू येत नाहीत.